नवा स्वयंरोजगार आणि नर्सरीचे ३० सरकारी तास : उत्पन्न सुरू झाले नसताना पात्रता मिळते का?

कंपासपेटी (जून २०२५)

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सजवळ राहतो. आमची मुलगी नुकतीच एक वर्षाची झाली. मी एका आर्किटेक्टच्या कचेरीत नकाशे काढण्याचे काम करत होते. प्रसूतिरजा संपल्यावर तिथे परत न जाता मी राजीनामा दिला आणि ६ मेपासून स्वतःच्या नावावर, म्हणजे सोल ट्रेडर म्हणून, तेच काम सुरू केले आहे. घराला मागच्या बाजूने खोली वाढवायची असेल किंवा माळ्यावर खोली काढायची असेल, तर त्याचे नकाशे तयार करून कौन्सिलकडे परवानगीचा अर्ज करण्यापर्यंतचे सगळे काम मी पाहते.

या धंद्यात काम आधी आणि पैसा नंतर, असाच क्रम आहे. घरमालक सुरुवातीला थोडी आगाऊ रक्कम देतो, मोठा हप्ता अर्ज दाखल झाल्यावर येतो आणि उरलेली रक्कम अनेकदा निर्णय लागेपर्यंत अडकते. कौन्सिलचा निर्णय यायला साधारण ८ आठवडे लागतात. आतापर्यंत माझ्याकडे दोन कामे आली असून हातात फक्त आगाऊ रक्कम पडली आहे. सॉफ्टवेअरची वर्गणी आणि व्यवसायाचा विमा यांतच ती संपली, त्यामुळे कागदावर नफा शून्य आहे आणि पुढच्या तीन महिन्यांतही तो फारसा दिसेल असे वाटत नाही.

सप्टेंबर २०२५ पासून नोकरदार आई-वडिलांच्या ९ महिन्यांवरील मुलांना नर्सरीचे आठवड्याला ३० तास सरकारी खर्चाने मिळणार आहेत. नर्सरीने आम्हांला सप्टेंबरची जागा देऊ केली आहे, पण पात्रतेचा कोड आणा असे सांगितले आहे. एका मैत्रिणीच्या म्हणण्याप्रमाणे तीन महिन्यांत किमान २,५३९ पौंड कमाई दाखवावी लागते, नाहीतर अर्ज फेटाळला जातो. मिस्टर नोकरीत आहेत आणि त्यांचा पगार वर्षाला ६२,००० पौंड आहे. आम्हां दोघांकडेही आयएलआर, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी, आहे. माझे प्रश्न असे आहेत : माझी कमाई त्या आकड्यापर्यंत पोहोचत नसल्यामुळे आम्ही अपात्र ठरतो का? मिस्टरांचा पगार माझ्या बाजूने धरता येतो का? माझ्याकडे अजून यूटीआर, म्हणजे करखात्याकडून मिळणारा करदात्याचा क्रमांक, नाही, त्याने अर्ज अडेल का? आणि एका परिचितांनी लिमिटेड कंपनी काढण्याचा सल्ला दिला आहे, त्याचा या सगळ्यावर काही परिणाम होतो का?

हिशेबनीस

तुमच्या मैत्रिणीने सांगितलेला आकडा बरोबर आहे, पण तो तुम्हांला सध्या लागू होत नाही. स्वयंरोजगार सुरू करून १२ महिने झाले नसतील, तर किमान कमाईची अट त्या व्यक्तीपुरती शिथिल असते. तुम्ही ६ मे २०२५ ला काम सुरू केले आहे, तेव्हा पुढच्या वर्षीच्या मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तुमचा नफा शून्य असला, किंबहुना तोटा असला, तरी एवढ्याच कारणाने तुमचा अर्ज फेटाळला जाणार नाही. अर्जात तुम्ही स्वयंरोजगारात आहात का आणि तो १२ महिन्यांच्या आत सुरू केला आहे का, हे विचारतात. तिथे खरे तेच उत्तर द्यावे. पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज उगाच फुगवून २,५३९ च्या वर नेण्याचे काहीही कारण नाही. लोक भीतीपोटी तसे करतात आणि पुढे विचारणा झाली की स्वतःच अडचणीत येतात.

आता हा आकडा येतो कुठून, तेही सांगतो, कारण तो एकदा समजला की पुढची बरीचशी गणिते आपली आपण करता येतात. प्रत्येक पालकाने पुढच्या तीन महिन्यांत, आठवड्याला १६ तास राष्ट्रीय किमान वेतनाने काम केल्यावर जितके मिळतील, निदान तितके कमावण्याची अपेक्षा असावी, असा नियम आहे. २१ वर्षांवरील व्यक्तीसाठी एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळात हे वेतन ताशी १२.२१ पौंड आहे. त्याला १६ ने आणि मग १३ आठवड्यांनी गुणले की २,५३९ पौंड आणि काही पेन्स होतात. किमान वेतन दर एप्रिलला बदलते, त्यामुळे हा आकडाही दर एप्रिलला सरकतो. २०२४-२५ मध्ये तो २,३७९ होता, म्हणून जुन्या चर्चांमधले आकडे वाचून गोंधळू नका.

मिस्टरांच्या पगाराबद्दल : दोघांची कमाई एकत्र करत नाहीत. तुम्ही दोघांनी आपापली अट स्वतंत्रपणे पूर्ण करायची असते. एकाचा पगार कितीही मोठा असला तरी दुसऱ्याची तूट त्यातून भरून निघत नाही. वरची मर्यादाही अशीच माणशी आहे. दोघांपैकी कोणा एकाचे समायोजित निव्वळ उत्पन्न (सगळ्या करपात्र उत्पन्नातून पेन्शनमध्ये भरलेल्या रकमेसारख्या वजावटी काढून उरणारे) चालू करवर्षात १,००,००० पौंडांच्या वर जाण्याचा अंदाज असेल, तर दोघेही अपात्र ठरतात. या नियमाचा विचित्र परिणाम असा की, ९९,००० आणि ९९,००० कमावणारे जोडपे पात्र असते आणि १,०१,००० व ३०,००० कमावणारे नसते. तुमच्या घरात ६२,००० पगार असल्यामुळे या टोकाची काळजी तुम्हांला नाही.

यूटीआरबद्दल मात्र थोडी घाई करावी, असे माझे मत आहे. कायद्याप्रमाणे सेल्फ असेसमेंटसाठी (आपले करविवरण आपणच भरण्याच्या पद्धतीसाठी) नाव नोंदवायची मुदत, ज्या करवर्षात धंदा सुरू झाला ते संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत असते. तुमचा धंदा २०२५-२६ च्या करवर्षात सुरू झाला आहे, म्हणजे ही मुदत थेट ५ ऑक्टोबर २०२६ आहे, आणि म्हणूनच बहुतेक नवे व्यावसायिक निवांत असतात. परंतु बालसंगोपनाच्या अर्जासाठी हाताशी काय ठेवावे याची जी यादी सरकार देते, तिच्यात स्वयंरोजगारातील व्यक्तीचा यूटीआर आहे. शिवाय धंदा खरोखर सुरू झाला आहे, याचा सर्वांत सरळ पुरावाही तोच. वर्षाची उलाढाल १,००० पौंडांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नसते, पण तुमच्या बाबतीत त्या सवलतीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आजच नोंदणी करा. क्रमांक टपालाने येतो, आणि ते पत्र यायला लागणारे दिवस ऑगस्टच्या अखेरीस मोजत बसण्यापेक्षा आत्ता मोजलेले बरे.

आणखी एक गोष्ट. १२ महिने मोजायचे ते प्रत्यक्ष धंदा सुरू झाल्याच्या दिवसापासून. नोंदणी उशिरा केली म्हणून सवलत पुढे ढकलली जाते, अशी एक समजूत फिरत असते, तिच्यावर विसंबू नका. तुमच्या पहिल्या ग्राहकाला दिलेले दरपत्रक, त्याच्याशी झालेला करार, आगाऊ रकमेची पावती, विम्याचा कागद, कामाची जाहिरात, हे सगळे तारखेसह एका फाइलमध्ये ठेवा. एचएमआरसीकडून, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याकडून, विचारणा झालीच, तर उत्पन्न कमी का, हा प्रश्न नसतो. धंदा खरा आहे की नुसता नावापुरता, एवढेच त्यांना पाहायचे असते, आणि तुमच्याकडे तर दोन कामांचे नकाशेच तयार आहेत.

कंपनीच्या मुद्द्यावर दुसरे कोणी सविस्तर लिहिले तर बरे होईल. माझे एका ओळीतले उत्तर असे की, या वर्षी तरी काढू नका.

ओव्हरटाइमवाला

कंपनीबद्दल मी लिहितो, कारण मी स्वतः माझ्या एकट्याच्या लिमिटेड कंपनीतून काम करतो आणि आम्हांलाही मुलासाठी हेच तास मिळतात.

लिमिटेड कंपनी काढली की कायद्याच्या दृष्टीने तुम्ही स्वयंरोजगारातल्या राहत नाही. कंपनी वेगळी आणि तुम्ही तिच्या संचालक व नोकर. त्यामुळे हिशेबनीसांनी सांगितलेली १२ महिन्यांची सवलत तुमच्या हातून जाते आणि पहिल्या दिवसापासून २,५३९ पौंडांची अट लागू होते. ती अट पगारातून पूर्ण व्हावी लागते. डिव्हिडंड त्यात धरत नाहीत, तसेच व्याज, घरभाडे आणि पेन्शनही धरत नाहीत.

गंमत अशी आहे की कर वाचवण्यासाठी संचालकांना जो सल्ला सर्रास दिला जातो, तोच इथे अंगलट येतो. एप्रिल २०२५ पासून मालकाच्या बाजूचा नॅशनल इन्शुरन्स (पगारावर सरकारला भरायचा सामाजिक विम्याचा हप्ता) वर्षाला ५,००० पौंडांच्या पगारापासूनच सुरू होतो (आधी ही पातळी ९,१०० होती). त्यामुळे काही जण पगार ५,००० वर ठेवतात आणि बाकीची सगळी रक्कम डिव्हिडंडने काढतात. अशा माणसाने वर्षाला ४०,००० पौंड घरी नेले, तरी या योजनेच्या हिशेबात त्याची तीन महिन्यांची कमाई १,२५० पौंडच भरते आणि तो अपात्र ठरतो. मी पगार १२,५७० पौंड, म्हणजे करमुक्त मर्यादेइतका ठेवला आहे आणि तो दरमहा समान घेतो. तीन महिन्यांचे ३,१४२ होतात आणि अट सहज पूर्ण होते. त्यासाठी कंपनीला नॅशनल इन्शुरन्सचा थोडा भुर्दंड पडतो, पण नर्सरीच्या बिलापुढे तो काहीच नाही.

याच डिव्हिडंडची दुसरी बाजू लक्षात ठेवावी. खालच्या मर्यादेसाठी ज्या गोष्टी धरत नाहीत, त्या १,००,००० च्या वरच्या मर्यादेसाठी मात्र धरल्या जातात. समायोजित निव्वळ उत्पन्नात डिव्हिडंड येतो, घरभाडे येते, व्याजही येते. एकच रक्कम एका दारावर मोजायची नाही आणि दुसऱ्यावर मोजायची, हा न्याय मला फारसा पटत नाही, पण नियम असाच आहे. वरच्या मर्यादेच्या आसपास असणाऱ्यांना पेन्शनमध्ये स्वतःहून जास्त रक्कम भरून हे उत्पन्न खाली आणता येते. तुम्हांला त्याची गरज नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी असेल.

तुमच्या बाबतीत पहिल्या वर्षी कंपनीला दरमहा हजार पौंडांचा पगार देण्याइतके पैसेच नसतील, म्हणून सोल ट्रेडर राहणे हेच शहाणपणाचे आहे. धंदा स्थिरावल्यावर कंपनीचा विचार करता येईल.

नर्सरीतली मावशी

मी एका नर्सरीच्या कार्यालयात काम करते, त्यामुळे पात्रतेपेक्षा तारखांबद्दल लिहिते. आमच्याकडे येणाऱ्या पालकांपैकी ज्यांची जागा हुकते, त्यांतले बहुतेक जण पात्र असतात. त्यांचा कोड उशिरा आलेला असतो, इतकेच.

सप्टेंबरच्या सत्रात तास हवे असतील तर कोड ३१ ऑगस्टपर्यंत मिळालेला असला पाहिजे. जानेवारीसाठी ही तारीख ३१ डिसेंबर आणि एप्रिलसाठी ३१ मार्च असते. १ सप्टेंबरला मिळालेला कोड सप्टेंबरसाठी चालत नाही. मग सरळ जानेवारीपर्यंत पूर्ण फी भरावी लागते आणि त्यात नर्सरीला किंवा कौन्सिलला काहीही करता येत नाही. ऑनलाइन अर्जाला साधारण वीस मिनिटे लागतात आणि उत्तर कधी लगेच मिळते, कधी काही दिवस लागतात. परंतु जास्तीची माहिती मागितली गेली तर आठवडे जाऊ शकतात, आणि ज्यांचा स्वयंरोजगार नवा आहे त्यांच्याकडे माहिती मागितली जाण्याची शक्यता पगारदारांपेक्षा जास्त, असे मला वर्षानुवर्षे दिसत आले आहे. म्हणून ताई, तुम्ही जुलैच्या सुरुवातीलाच अर्ज करा.

कोड ११ अंकी असतो. तो आमच्याकडे नुसता लिहून देऊन भागत नाही. अर्जदाराचा नॅशनल इन्शुरन्स क्रमांक आणि बाळाची जन्मतारीख यांच्याशी जुळवून आम्ही तो कौन्सिलच्या यंत्रणेत तपासून घेतो. अर्ज मिस्टरांच्या नावाने केला असेल तर क्रमांकही त्यांचाच द्या. आईचा क्रमांक आणि वडिलांचा कोड, ही जोडी आम्हांला दर सत्राला पाहायला मिळते.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी आपली परिस्थिती पूर्वीसारखीच आहे, याची खात्यावर जाऊन पुन्हा पुष्टी करावी लागते. मुदत संपण्याच्या साधारण चार आठवडे आधीपासून ती करता येते आणि आठवणीचा संदेशही येतो. तरीही ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. संदेश आला नाही, या सबबीचा उपयोग होत नाही. परिस्थिती बदलून पात्रता गेलीच, उदाहरणार्थ मिस्टरांची नोकरी सुटली, तर मूल लगेच बाहेर काढले जात नाही. सवलतीचा ठरावीक काळ मिळतो आणि तोपर्यंत तास चालू राहतात, मात्र त्या काळात नव्या नर्सरीत नवी जागा घेता येत नाही.

आणखी दोन गोष्टी, ज्या बिल हातात पडल्यावरच कळतात. ३० तास हे वर्षातल्या ३८ आठवड्यांसाठी असतात, म्हणजे एकूण १,१४०. आमच्यासारख्या वर्षभर उघड्या असणाऱ्या नर्सऱ्या ते ५१ आठवड्यांत पसरून देतात आणि मग आठवड्याला जेमतेम २२ तास पडतात. नर्सरीचा दिवस १० तासांचा असेल, तर ते फार तर दोन दिवस आणि वर थोडे असे होतात. शिवाय सरकारचे पैसे तासांचे असतात, जेवणाचे, डायपरचे किंवा सहलीचे नसतात. त्यांचे पैसे नर्सरी मागू शकते, पण ते ऐच्छिक असले पाहिजेत. ते घेतले नाहीत तर जागा देणार नाही, असे म्हणता येत नाही. जागा घेण्यापूर्वी सगळे दर लेखी मागून घ्या.

कंपासपेटी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी सेल्फ असेसमेंटची नोंदणी केली आणि दोन्ही कामांचे कागद तारखेप्रमाणे लावून ठेवले.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली, पुढच्या मेनंतर काय होते? माझ्या धंद्यात उन्हाळ्यात कामे जास्त येतात आणि हिवाळ्यात लोक बांधकामाचा विचार पुढे ढकलतात, त्यामुळे एखाद्या तीन महिन्यांत ९०० पौंडच नफा झाला आणि पुढच्या तीन महिन्यांत ५,००० झाला, असे सहज होऊ शकते. दुसरी, नर्सरी तास पसरून देणार असेल तर उरलेल्या तासांसाठी टॅक्स फ्री चाइल्डकेअर नावाची जी योजना आहे, ती यासोबत घेता येते का?

हिशेबनीस

पहिल्या शंकेचे उत्तर तुम्हांला दिलासा देणारे आहे. १२ महिने संपल्यावर किमान कमाईची अट तुम्हांला लागू होईल, परंतु स्वयंरोजगारातील व्यक्तीला तीन महिन्यांच्या अंदाजाऐवजी चालू करवर्षातल्या अपेक्षित नफ्याची सरासरी धरण्याची मुभा आहे. करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन पुढच्या ५ एप्रिलला संपते. २०२५-२६ च्या दराने बोलायचे तर १२.२१ गुणिले १६ गुणिले ५२, म्हणजे साधारण १०,१५९ पौंड नफा त्या पूर्ण वर्षात अपेक्षित असेल, तर हिवाळ्यातल्या कोरड्या तीन महिन्यांतही तुम्ही पात्र राहता. तुमच्या उदाहरणात चार तिमाह्यांचा नफा ४,०००, ५,०००, ९०० आणि १,८०० असा धरला तर बेरीज ११,७०० होते, आणि तिसऱ्या तिमाहीत पुष्टी करताना तुम्ही निर्धास्तपणे वर्षाच्या सरासरीचा आधार घेऊ शकता. पुढच्या वर्षी किमान वेतन वाढेल, तेव्हा गणित नव्या दराने करून पाहा.

इथे नफा म्हणजे उलाढालीतून धंद्याचा रास्त खर्च वजा करून उरणारी रक्कम, हे विसरू नये. ग्राहकाने तुमच्या खात्यात १३,००० पौंड भरले आणि सॉफ्टवेअर, विमा, संगणक, प्रवास यांवर ४,००० गेले, तर हिशेबात ९,००० च येतात आणि तुम्ही मर्यादेच्या खाली राहता. दुसऱ्या वर्षात मोठा संगणक किंवा छपाईयंत्र घ्यायचे असेल, तर त्या खरेदीचा या मर्यादेवर काय परिणाम होतो, हे आधी पाहून मगच वेळ ठरवा. अर्धवेळ नोकरी धरली तर तिचा पगार आणि धंद्याचा नफा एकत्र मोजता येतो, हाही एक मार्ग आहे.

हा अंदाज असतो, हमी नसते. प्रामाणिकपणे केलेला अंदाज नंतर चुकला, एक ग्राहक ऐनवेळी मागे फिरला, म्हणून तेवढ्यावरून तुम्ही खोटे बोललात असे होत नाही. तो कशाच्या आधारावर केला, ते मात्र दाखवता आले पाहिजे. हातातल्या कामांची यादी आणि ठरलेले हप्ते एका कागदावर मांडून, पुष्टी केली त्या दिवशीची तारीख घालून जपून ठेवा.

दुसऱ्या शंकेचे उत्तर : हो, टॅक्स फ्री चाइल्डकेअर आणि हे तास एकाच वेळी घेता येतात. दोन्हींसाठी अर्ज आणि खाते एकच असते आणि पात्रतेच्या अटीही जवळजवळ त्याच. त्या खात्यात तुम्ही ८ पौंड भरले की सरकार २ पौंड घालते. एका मुलामागे तीन महिन्यांत जास्तीत जास्त ५०० पौंड, म्हणजे वर्षाला २,००० पर्यंत. तास वजा जाता नर्सरीचे बिल महिन्याला ४०० पौंड उरले, तर तुम्ही खात्यात ३२० भरायचे आणि ८० सरकारचे येतात. नर्सरीला पैसे त्या खात्यातूनच द्यावे लागतात. मात्र ही योजना आणि युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारा सरकारी भत्ता) एकत्र चालत नाहीत. ज्या घरांत युनिव्हर्सल क्रेडिट मिळते त्यांनी त्यातल्या बालसंगोपन खर्चाच्या भरपाईशी तुलना करूनच पाऊल उचलावे, कारण टॅक्स फ्री चाइल्डकेअरचा अर्ज मंजूर झाला की युनिव्हर्सल क्रेडिट थांबू शकते.

लेस्टरकर

प्रश्न विचारणाऱ्या ताईंकडे आयएलआर आहे, म्हणून त्यांचे सोपे आहे. परंतु ही चर्चा वाचणाऱ्यांत स्किल्ड वर्कर व्हिसावरचे बरेच जण असतील, त्यांच्यासाठी लिहितो, कारण आपल्या लोकांत या बाबतीत अर्धवट माहिती फार पसरलेली आहे.

स्किल्ड वर्कर व्हिसावरील व्यक्तीच्या जोडीदाराला, म्हणजे डिपेंडंट व्हिसावरील नवऱ्याला किंवा बायकोला, इथे स्वयंरोजगार करता येतो. त्यामुळे एखादी गृहिणी घरून धंदा सुरू करते, वर लिहिलेली १२ महिन्यांची सवलत वाचते आणि आता आपण पात्र झालो असे समजते. ते चूक आहे. नोकरदार पालकांचे ३० तास आणि टॅक्स फ्री चाइल्डकेअर यांसाठी तुमच्याकडे किंवा जोडीदाराकडे ब्रिटिश वा आयरिश नागरिकत्व, सेटल्ड वा प्री-सेटल्ड दर्जा (युरोपीय संघाचे नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठीचा), किंवा सार्वजनिक निधीचा, म्हणजे सरकारी भत्त्यांचा, लाभ घेण्याची परवानगी असावी लागते. दोघांच्याही व्हिसावर सार्वजनिक निधीची मनाई असेल, तर धंदा कितीही खरा आणि कमाई कितीही चांगली असली तरी हे लाभ मिळत नाहीत. आणि मनाई असताना लाभ घेतला, तर पुढे व्हिसा वाढवताना किंवा आयएलआर मागताना ते प्रकरण तुमच्यासमोर येऊ शकते. तेव्हा अर्जातला तो प्रश्न घाईघाईने होकार देऊन पुढे सरकवू नका. आपल्या ई-व्हिसावर काय लिहिले आहे, ते आधी उघडून वाचा.

याचा अर्थ सगळीच दारे बंद आहेत, असा नाही. तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी असलेले आठवड्याचे १५ तास इंग्लंडमध्ये सर्वांना मिळतात. त्यासाठी नोकरीची अट नाही, कमाईची नाही आणि व्हिसाचीही नाही. मूल तीन वर्षांचे झाल्यानंतरच्या सत्रापासून ते सुरू होतात आणि नर्सरीशी थेट बोलूनच घेता येतात. दोन वर्षांच्या मुलांसाठीही एक मार्ग आहे. सार्वजनिक निधीची मनाई असलेल्या आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना १५ तास मिळतात. एक मूल असेल तर कर कापून उरणारे घराचे उत्पन्न लंडनबाहेर २६,५०० पौंड आणि लंडनमध्ये ३४,५०० पौंडांपेक्षा जास्त नसावे, आणि बचत व गुंतवणूक १६,००० पौंडांच्या वर नसावी. त्याचा अर्ज स्थानिक कौन्सिलकडे करायचा असतो. आपल्याकडे एक जण नोकरीत आणि दुसऱ्याचा धंदा नवा, अशी घरे या मर्यादेत कधी कधी बसतात, आणि ती विचारतही नाहीत.

एवढे सगळे इंग्लंडपुरते आहे. स्कॉटलंडमध्ये तीन-चार वर्षांच्या सगळ्या मुलांना वर्षाला १,१४० तास पालकांच्या कामाचा विचार न करता मिळतात, वेल्सची योजना वेगळी आणि उत्तर आयर्लंडची त्याहून वेगळी. मँचेस्टरच्या भावाने केले म्हणून कार्डिफच्या बहिणीने तसाच अर्ज करू नये.

कंपासपेटी

कळवते की यूटीआरचे पत्र आले आणि काल रात्री अर्ज केला. धंदा कधी सुरू झाला, हे विचारले होते, तिथे ६ मे लिहिले. उत्पन्नाचा आकडा फुगवला नाही. मिस्टरांच्या बाजूला पगाराची माहिती भरली. निकाल लगेच आला नाही, माहिती तपासत आहोत, असा संदेश आहे. एक शेवटचे विचारते : सप्टेंबरमध्ये मिस्टरांना बोनस मिळण्याची शक्यता आहे आणि ते कदाचित नोकरीही बदलतील. मध्ये दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला तर माझ्या सवलतीवर काही परिणाम होईल का?

हिशेबनीस

तुमची १२ महिन्यांची सवलत तुमच्या धंद्याशी बांधलेली आहे. मिस्टरांच्या नोकरीशी तिचा काही संबंध नाही. त्यांची अट मात्र स्वतंत्रपणे पूर्ण व्हावी लागते, आणि ती पुढच्या तीन महिन्यांच्या अपेक्षित कमाईवर ठरते. नवी नोकरी ३१ दिवसांच्या आत सुरू होणार असेल तर तेवढ्या खंडाने बिघडत नाही. पुष्टी करण्याची तारीख त्या खंडात येत असेल, तर नव्या नोकरीचे पत्र हातात ठेवून पुष्टी करा. बोनस धरूनही ६२,००० चा पगार १,००,००० च्या आसपास जात नाही, तेव्हा तो विषय सोडून द्या. आणि जुलैच्या मध्यापर्यंत कोड आला नाही तर स्वतःहून मदतवाहिनीला फोन करा. ऑगस्टमध्ये ती रांग फार लांब होते.